वाल सोलता येतात का?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत आमवातावर लेख आला होता. ईएसआर किती असावा, सीआरपी कधी करावी, आरए फॅक्टर म्हणजे काय, या रक्ताच्या तपासण्यांचं सगळं नीट दिलं होतं. लेख कापून फाइलीत ठेवला आहे. एक गोष्ट मात्र त्यात नव्हती: आजाराने रोजची कामं किती अडतात, हे कसं मोजायचं. तिच्यासाठी हे पत्र.

मी ६४ वर्षांची, राहणार वडोदरा, लोकल फंड ऑडिटमधून निवृत्त. ३२ वर्षं नगरपालिकांचे आणि पंचायतींचे हिशेब तपासले. आमवाताला या श्रावणात ११ वर्षं होतील. आठवड्यातून एकदाच घ्यायची आमवाताची मेथोट्रेक्सेट ही गोळी रविवारी रात्री, सोमवारी फॉलिक अ‍ॅसिड, दर तीन महिन्यांनी रक्त, आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे. डॉक्टर मनाने चांगले आहेत, शिवाय बाहेर सत्तर माणसं बसलेली असतात, हे मला दिसतं. जानेवारीत गेले तेव्हा ईएसआर १८, म्हणजे मर्यादेत, सीआरपीही मर्यादेत. "केम छो, बेन?" "सारुं छे", म्हणजे बरं आहे. फाइलीवर एकच शब्द पडला, 'स्टेबल'. औषधं तीच, पुढचा पेशंट.

त्याच आठवड्यातली गोष्ट. आमचं बिऱ्हाड दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात, दुसऱ्या मजल्यावर. पाणी पहाटे येतं. हे मुलाकडे गेलेले, घरात मी एकटी. मोरीतला नळ चावीचा, पितळी, सासऱ्यांच्या वेळचा. पिंप भरलं म्हणून बंद करायला गेले तर बोटं वळेनात. उठल्यापासून तास-दीड तास माझी बोटं अशी आखडलेली असतात की मूठसुद्धा होत नाही. दोन्ही तळव्यांत चावी धरून फिरवून पाहिली. पदर गुंडाळून पाहिलं. लाटण्याने ठोकूनही झालं. पिंप वाहिलं, मोरी तुंबली, पाणी जिन्यावरून खालच्यांच्या उंबऱ्याशी गेलं. खालचे काका वर आले, दोन बोटांनी नळ बंद केला आणि जाताना "वॉशर गेला असेल" म्हणाले. वॉशर गेला नव्हता.

आमच्या खात्यात व्हाउचर नाही तर खर्च मान्य नाही. माझ्या फाइलीत ईएसआरचं व्हाउचर आहे, नळाचं नाही. यात निम्मी चूक माझीच, कारण "सारुं छे" मीच म्हणाले. वडोदऱ्यात डॉक्टरांना दुसरं काही सांगणं अगोचरपणाच वाटतो, आणि त्यात मराठी बाईचं "चाललंय आपलं" मिसळलेलं. सोबत मुलगा असला तर विचारूच नका, माझ्या वतीने तोच सांगून टाकतो, "आईला आता बरंच बरं आहे."

माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिला नळाची हकिगत सांगितली तर ती हसली नाही, तिने एक कागद पाठवला. आजारामुळे माणसाचं रोजचं जगणं किती अडतं, हे मोजायच्या प्रश्नावल्या असतात आणि त्यांच्यामागे एक अख्खं शास्त्र उभं आहे, हे मला या वयात कळलं. संधिवातासाठी जी सर्वांत जास्त वापरली जाते ती १९८० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला तयार झाली. २० प्रश्न, आठ गट. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं: काही त्रास नाही तर ०, थोडा त्रास १, बराच त्रास २, जमतच नाही तर ३.

मी पेन घेऊन बसले. ताटातलं मांस कापता येतं का? आम्ही कायस्थ, मटण आमच्याकडे दर रविवारी असतं, पण पानात वाढलेलं मटण सुरीने कापणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. दुधाचं नवं खोकं उघडता येतं का? दूध पिशवीतून येतं, आणि कात्रीच्या कडीत अंगठा जात नाही ही माझी खरी अडचण, तिला त्या कागदावर जागा नाही. टबात अंघोळ करता येते का? व्हॅक्यूम क्लीनर, बागकाम? निम्म्या प्रश्नांपुढे मी रेघ मारली. भाचीने मग दुसरा कागद पाठवला. दिल्लीच्या संधिवाततज्ज्ञांनी तीच प्रश्नावली आपल्याकडच्या जगण्याला लावून पाहिली आणि २००२ साली ते काम प्रसिद्ध केलं. यात प्रश्न फक्त १२. संडासात उकिडवं बसता येतं का, किंवा जमिनीवर मांडी घालता येते का? रिक्षात चढता-उतरता येतं का? भाजीबाजारात जाऊन खरेदी करता येते का? तीन किलोमीटर चालता येतं का? नळ उघडता, बंद करता येतो का?

नळाचा प्रश्न वाचून मी कागद खाली ठेवला आणि चहा करून आले.

आता मी हिशेबातली बाई, म्हणून आकडे मांडतेच. जानेवारीची माझी बेरीज १७ आली. १२ ने भागून १.४२. नळाला मी ३ दिले होते, खरं तेच. फेब्रुवारीत प्लंबर बोलावला, मोरीत आणि न्हाणीघरात दांडीचे नळ बसवून घेतले, कोपरानेसुद्धा बंद होतात. पुन्हा कागद भरला. नळाला ०, बेरीज १४, सरासरी १.१७. म्हणजे ०.२५ ची सुधारणा. मूळ प्रश्नावलीत ०.२२ चा फरक पडला तर तो रोग्याला जाणवण्याजोगा मानतात. म्हणजे माझ्या प्लंबरने एका सकाळीत, मजुरीसह हजाराच्या आत, एखाद्या औषधाला शाबासकी मिळावी एवढं काम केलं. रक्तात काहीही बदललं नव्हतं.

हा घोटाळा मूळ कागद करणाऱ्यांच्याही लक्षात आलेला होता, हे भाचीने नंतर सांगितलं. त्यांच्या पद्धतीत एखाद्या कामासाठी काठी, खास पकड, उंच केलेली बैठक असं काही साधन लागत असेल, तर काम सहज जमलं तरी त्या गटाचा आकडा २ च्या खाली जाऊ देत नाहीत. हे ऐकून मला त्या लोकांबद्दल आदर वाटला. त्यांच्यात कोणीतरी ऑडिटर असणार.

पण त्यांच्याही हातून एक गोष्ट निसटते, आणि ती मला वालांमुळे कळली. आमच्या घरी श्रावणात वालाचं बिरडं होणारच. वाल भिजवायचे, कापडात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून सालातून बाहेर काढायचा, असा की दाणा दुभंगता कामा नये. लग्न होऊन आले तेव्हा पाव किलो वाल मी बोलता बोलता तीन-चतुर्थांश तासात सोलत असे. आजाराच्या चौथ्या वर्षी दीड तास लागू लागला. सहाव्या वर्षी निम्मे दाणे चिमटीत चिरडले जाऊ लागले. सातव्या वर्षी मी वाल आणणंच सोडलं. कोणी विचारलं तर "यांना वाल बाधतात" असं सांगायला लागले. यांना वाल कधीच बाधले नाहीत, बिचारे गप्प राहिले.

आता मला विचारा, रोजच्या कामात काही त्रास होतो का? मी प्रामाणिकपणे सांगेन, फारसा नाही. कारण जे जमत नाही ते माझ्या रोजच्या कामात उरलेलंच नाही. ब्लाउजचे हूक गेले, पुढून चेन आली. गौरीपुढे मांडी गेली, खुर्ची आली. दारातली रांगोळी गेली, चिकटवायची पट्टी आली. खंडेराव मार्केटला मी दर गुरुवारी जात असे, खाली मांडून बसलेल्या बायकांसमोर उकिडवं बसून वांगी निवडत असे. आता भाजी मोबाइलवरून दारात येते, वांगी दुसराच कोणीतरी निवडतो, आणि भाजीबाजाराच्या प्रश्नाला काय लिहावं हेच मला कळत नाही. माणूस आपली फूटपट्टीच आखूड करत जातो. या विषयातल्या अभ्यासकांना हे ठाऊक आहे, त्यावर त्यांनी बरंच लिहिलंही आहे. पण आमच्या ओपीडीपर्यंत अजून साधा कागदच आलेला नाही, तिथे ही बारीकी कुठून येणार.

डॉक्टरांची स्वतःचीही एक मोजणी असते, २८ सांध्यांची. सांधे दाबून पाहायचे, किती दुखतात, किती सुजलेत ते मोजायचं. मी बेरीज करून पाहिली: खांदे २, कोपर २, मनगटं २, हाताच्या बोटांची मुळं १०, मधली पेरं १०, गुडघे २. बरोबर २८. घोटा नाही, पाऊल नाही. माझं पहिलं दुखणं मात्र पावलांत सुरू झालं. आजही वाड्याचा जिना उतरताना चवड्याखाली खडे असल्यासारखं वाटतं. त्या मोजणीत एक गोष्ट चांगली आहे. शून्य ते शंभरच्या रेघेवर तुमची तब्येत आज कुठे आहे, ही खूण रोग्यानेच करायची असते आणि ती गणितात धरतात. मला ११ वर्षांत ती रेघ कोणी दाखवलेली नाही.

तशीच रेघ एका पाच प्रश्नांच्या युरोपीय कागदावरही असते. चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, नेहमीची कामं, दुखणं, आणि चिंता किंवा उदासी. कुठला उपचार पैशाला परवडतो हे ठरवताना सरकारं याचा आधार घेतात. पूर्ण आरोग्याला १, मृत्यूला ०. भारतातल्या सर्वसामान्य लोकांना विचारून ठरवलेली किंमत २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात सर्वांत वाईट अवस्थेला उणे ०.९२३ मिळाले आहेत. म्हणजे मरण परवडलं. ताळेबंदात तूट मी पुष्कळ पाहिली, अशी नव्हती पाहिली. या कागदात थकव्याचा प्रश्न नाही, बारा प्रश्नांच्या कागदातही नाही. दुपारी दोननंतर माझ्या अंगातून कोणीतरी तार काढून घेतल्यासारखं होतं, त्याला कुठेच घर नाही. (आमच्या ह्यांनाही ती रेघ दाखवली. अँजिओप्लास्टी झालेला माणूस, जेवून उठलेले, ९० वर खूण करून झोपायला गेले. रविवार होता.)

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. रक्ताच्या रिपोर्टाला टाचून बारा प्रश्नांचा एक कागद प्रत्येक वेळी फाइलीत जावा. भरायला पाच मिनिटं लागतात, आणि बाहेर दोन तास बसूनच असतो आम्ही. कागद गुजरातीत असावा, मराठीतही असावा. गुजराती मला नोकरीमुळे उत्तम येतं, पण दुखण्याचे माझे शब्द आईकडून आलेत. रात्री ठणकतं, सकाळी आखडतं, जिन्यात कळ येते. 'दुखावो' म्हटलं की तिन्ही एकाच खात्यावर पडतात. असे कागद भाषांतर करताना ते दुसऱ्याकडून पुन्हा मूळ भाषेत उलटवून घेतात आणि पडताळतात, ही रीत मला पटली. तेवढी मेहनत आपल्या विद्यापीठातली मुलं आनंदाने करतील. वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवावं, उत्तर मात्र त्याचंच घ्यावं, मुलाचं किंवा सुनेचं नको. लोक वाढवून सांगतील, कमी करून सांगतील, हा आक्षेप मला ठाऊक आहे. सांगू देत. माझा आकडा शेजारणीशी ताडायचा नाही, माझ्याच मागच्या आकड्याशी ताडायचा आहे.

आणि बाराच्या खाली तेरावा प्रश्न हवा: गेल्या वर्षभरात तुम्ही काय करायचं सोडून दिलंत?

एप्रिलच्या तारखेला मी माझा कागद घेऊन गेले. डॉक्टरांनी तो उभ्या उभ्या वाचला, मग बसून वाचला. नळाची गोष्ट मी त्यांना पहिल्यांदा सांगितली. सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात, ते त्यांनी विचारलं, मूठ करून दाखवायला सांगितली, पावलं पाहायला चपला काढायला लावल्या. रात्री मनगटाला बांधायचा पट्टा लिहून दिला, हातांच्या व्यायामासाठी चिठ्ठी दिली. फाइलीत 'स्टेबल' आहेच, त्याच्याखाली आता एक ओळ आहे: सकाळी ९० मिनिटं.

पुढची तारीख जुलैची. नवा कागद तयार आहे. तेरावा प्रश्न छापलेला नाही, मी हाताने लिहिलाय, अक्षर जरा वाकडं आलंय.

आपली,
एक निवृत्त हिशेब तपासनीस
दांडिया बाजार, वडोदरा