त्सेचू हा तासाभराचा कार्यक्रम नव्हे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पर्यटन पुरवणीत भूतानवर प्रसिद्ध झालेला लेख आणि त्याच पानावरच्या सहलींच्या जाहिराती वाचून हे पत्र लिहीत आहे. लेखात पारो येथील त्सेचू या बौद्ध उत्सवाचा उल्लेख ‘मुखवटा नृत्यांचा रंगतदार कार्यक्रम’ असा एका वाक्यात येऊन जातो, आणि जाहिरातींत त्याच्या वाट्याला तक्तसांग मठाची चढण व थिंफूच्या बाजारातील खरेदी यांच्यामध्ये उरलेली एक सकाळ येते. उत्सवाच्या तारखा पाहून भूतानला जाणारे मराठी प्रवासी आता भेटू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र ज्यासाठी ते एवढा खर्च करून जातात ती गोष्टच त्यांना अर्धवट दाखवली जाते, हे मी तिथे प्रत्यक्ष पाहिले आहे. म्हणून सहल कंपन्यांना आणि आपल्या वाचकांना माझे एकच सांगणे आहे : उत्सवाच्या दिवसांत जायचे असेल, तर सहल उत्सवाभोवती आखा, आधीच आखून झालेल्या सहलीत उरलेल्या जागेत उत्सव बसवू नका.

त्सेचू म्हणजे चांद्रमासाची दशमी. आठव्या शतकात हिमालयाच्या या भागात वज्रयान बौद्ध धर्म रुजवणारे गुरू पद्मसंभव यांना भूतानी लोक गुरू रिनपोछे म्हणतात. त्यांच्या जीवनातील प्रमुख घटना दशमीला घडल्या अशी श्रद्धा असल्याने, त्या तिथीच्या आसपास झोंगच्या, म्हणजे मठ आणि जिल्ह्याचा कारभार एकाच तटबंदीत नांदवणाऱ्या किल्ल्याच्या, प्रांगणात काही दिवस हा उत्सव चालतो. देशाच्या 20 जिल्ह्यांपैकी बहुतेक ठिकाणी तो होतो, पण महिना जागोजागी निराळा असतो. पारोचा त्सेचू मार्च-एप्रिलच्या सुमारास येतो, थिंफूचा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पूर्वेकडील मोंगर आणि त्राशीगांगचा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, तर त्रोंगसाचा ऐन थंडीत. भूतानी पंचांगात तिथींचा क्षय होतो, वृद्धी होते, अधिक मासही येतो. त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखा यंदा चालत नाहीत. ज्या सहलीचे माहितीपत्रक दरवर्षी त्याच तारखांनी छापले जाते, त्यात त्सेचूचे आश्वासन दिलेले असेल तर प्रवाशाने पैसे भरण्याआधी विचारणा केलेली बरी.

या उत्सवातील नृत्यांना छम म्हणतात आणि ती उपासना आहे. नर्तक भिक्षू असो वा गावातला गृहस्थ, मुखवटा चढवल्यावर त्याने त्या देवतेचे ध्यान करीत स्वतःला विसरायचे असते. पावले, हातांच्या मुद्रा, झांजांचा आणि ढोलांचा ठेका हे सारे परंपरेने ठरलेले असते. बुमथांगचे सिद्धपुरुष पेमा लिंगपा (1450-1521) यांना ध्यानावस्थेत दिसली असे मानली जाणारी नृत्ये त्यात आहेत. शनग या नृत्यात रुंद काठाच्या काळ्या टोप्या आणि जरीचे घोळदार झगे घातलेले नर्तक मुखवट्याशिवाय नाचतात; बौद्धांचा छळ करणारा तिबेटी राजा लांगदर्मा याचा 842 मध्ये एका भिक्षूने वध केला, ती कथा या नृत्यामागे सांगितली जाते. शावा शाची या नृत्यात शिकाऱ्याच्या भयाने पळणारे हरिण आणि त्याच्यामागे लागलेला शिकारी कुत्रा हे दोघेही संत मिलारेपा यांच्यापाशी येऊन शांत होतात आणि अखेर शिकारीही शरण येतो. कथा ठाऊक नसलेल्याला ही सगळी नृत्ये सारखीच दिसतात आणि थोड्याच वेळात कंटाळा येतो. हा दोष नृत्यांचा नाही; प्रवाशाला आदल्या संध्याकाळी अर्धा तास बसवून कथा न सांगणाऱ्यांचा आहे.

सर्वांत मोठे नुकसान होते ते रक्षा मंगछम या नृत्याच्या बाबतीत. मृत्यूनंतर जिवाच्या कर्मांचा निवाडा कसा होतो, हे त्यात दाखवले जाते. प्रांगणात मृत्यूचा स्वामी शिंजे याची भव्य प्रतिमा आणली जाते, आणि बैल व इतर प्राण्यांचे मुखवटे घातलेले त्याचे सेवक बराच वेळ नाचत राहतात. मग काळ्या वेषातला पापी जीव पुढे आणला जातो. पांढरा देव त्याची बाजू मांडतो, काळा असुर त्याच्या पापांचा पाढा वाचतो, कर्मे तोलली जातात आणि काळ्या कापडाच्या वाटेवरून त्याला नरकाकडे ओढत नेतात. त्यानंतर पुण्यवान जीव येतो. त्याच्यासाठी अंथरलेली वाट पांढऱ्या कापडाची असते. या निवाड्यापर्यंत पोहोचायला दोन तास सहज लागतात. भूतानी आजी-आजोबा नातवंडांना घेऊन नेमके याचसाठी थांबलेले असतात, कारण मेल्यानंतर ज्यांना सामोरे जायचे त्या भयंकर चेहऱ्यांची ओळख जिवंतपणीच झालेली असावी, अशी त्यांची धारणा आहे. आणि नेमक्या याच वेळी एखाद्या गटाचा टूर लीडर झेंडी उंचावून हॉटेलात जेवण तयार असल्याचे सांगत असतो. शिंजेचे सेवक नाचत असताना उठून गेलेल्या प्रवाशाला न पापी दिसतो, न पुण्यवान. मुखवटे घालून काही लोक बराच वेळ गोल फिरत होते, एवढेच तो घरी येऊन सांगतो. या प्रवाशाची फसवणूक झाली आहे असे मी म्हणेन, मग त्याला ती जाणवो अथवा न जाणवो.

अत्सर या पात्राबद्दलही चार शब्द लिहायला हवेत. लांब नाकाचा लाल मुखवटा घातलेले हे विदूषक नृत्यांच्या मधल्या वेळेत आणि पुष्कळदा नृत्य चालू असतानाही प्रेक्षकांची थट्टामस्करी करीत फिरतात. कोकणातल्या दशावतारातील संकासुर ज्यांनी पाहिला आहे त्यांना अत्सराची जातकुळी लगेच कळेल. त्याच्या हातात लाकडी लिंग असते आणि ते पाहून आपल्याकडची कुटुंबे संकोचतात, काही जण मुलांना घेऊन बाहेर पडतात. परंतु पुनाखाजवळच्या चिमी ल्हाखांग मंदिराशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या द्रुकपा कुनले या अवलिया संताच्या परंपरेत हे चिन्ह दुष्ट शक्तींना दूर ठेवणारे आणि संततीचा आशीर्वाद देणारे मानले जाते. त्या खोऱ्यातल्या घरांच्या भिंतींवरही ते रंगवलेले असते. अत्सर केवळ हसवतो असेही नाही. नर्तकाचा मुखवटा सरकला, पट्टा सुटला, तर तो सावरायला सर्वांत आधी धावतो तो अत्सरच, आणि हे काम बहुधा मुरलेल्या नर्तकाकडे दिलेले असते.

पारोच्या उत्सवाचा शेवटचा दिवस पहाटे अंधारातच सुरू होतो. थोंगद्रेल नावाचा, रेशमी कापडाचे तुकडे जोडून शिवलेला, इमारतीची अख्खी भिंत झाकणारा पट उलगडला जातो; मध्यभागी गुरू रिनपोछे आणि भोवती त्यांची अष्टरूपे असतात. त्याच्या नुसत्या दर्शनाने मुक्ती मिळते अशी श्रद्धा असल्याने दूरच्या खोऱ्यांतून आलेली माणसे त्याच्या कडेला कपाळ टेकवण्यासाठी थंडीत रांग लावून उभी असतात. सूर्याचे किरण पडण्याआधी हा पट पुन्हा गुंडाळला जातो, आणि मग वर्षभर त्याचे दर्शन नाही. हॉटेलातील न्याहारी आटोपून निघणाऱ्या गाडीला तो दिसणे शक्यच नाही. तरीही कित्येक सहलींच्या वेळापत्रकात या दिवशी ‘सकाळी न्याहारीनंतर त्सेचू उत्सव’ असे छापलेले असते, आणि ते छापणाऱ्याने स्वतः तो पाहिलेला नाही हे त्यावरून उघड होते.

हे असे का होते, याचे एक कारण पैशांत आहे. भारतीयांना भूतानसाठी व्हिसा लागत नाही; पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रावर प्रवेश परवाना मिळतो. परंतु सप्टेंबर 2022 मध्ये करोनानंतर देश पुन्हा खुला झाला तेव्हापासून आपल्याला माणशी दर रात्रीला 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते, आणि म्हणून कंपन्या रात्री कमी करून ठिकाणे तेवढीच ठेवतात. या शुल्काबद्दल आपल्याकडे नाराजीचा सूर ऐकू येतो, तो मला पटत नाही. भारताबाहेरील बहुतेक देशांतील पर्यटक सध्या दर रात्रीला 100 डॉलर भरतात. भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आत आहे; राज्यघटनेनुसार त्याने 60 टक्के भूमी कायम वनाच्छादित ठेवायची आहे आणि नागरिकांना दहावीपर्यंतचे शिक्षण व प्राथमिक आरोग्यसेवा मोफत द्यायची आहे. 1974 मध्ये परदेशी पर्यटकांना दार उघडले तेव्हापासून पर्यटक थोडे यावेत आणि त्यांनी मोल द्यावे, हे धोरण त्या देशाने राखले आहे. आपण पाहुणे आहोत. दोन रात्री वाढवल्या तर शुल्कात माणशी 2,400 रुपये वाढतात. हॉटेलचा खर्च वेगळा, आणि उत्सवाच्या दिवसांत तो चढा असतो हे खरे. पण तोच खर्च एखादे ठिकाण वगळून भागवता येतो, आणि माझ्या मते तसाच भागवावा.

सर्वांनी पारो आणि थिंफूलाच गर्दी करावी, असेही नाही. पुनाख्याला फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावरील झोंगमध्ये फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास द्रुबछेन हा उत्सव होतो. सतराव्या शतकात भूतानचे एकीकरण करणारे शब्द्रुंग ङवांग नामग्याल यांनी तिबेटी सैन्याला हुलकावणी दिली, तो प्रसंग तेथे जुन्या योद्ध्यांच्या वेषातील गावकरी जिवंत करतात. सैन्याला हवी असलेली पवित्र मूर्ती नदीत टाकल्याचा आभास शब्द्रुंगांनी निर्माण केला होता, म्हणून आजही मिरवणूक नदीकाठी जाते आणि पाण्यात संत्री टाकली जातात. ज्यांना सुट्ट्या आधीपासून ठरवाव्या लागतात त्यांच्यासाठी दोचुला खिंडीतील द्रुक वांग्येल त्सेचू सोयीचा आहे, कारण तो दरवर्षी 13 डिसेंबरला असतो. डिसेंबर 2003 मध्ये भूतानच्या दक्षिण भागात तळ ठोकून बसलेल्या भारतातील बंडखोर संघटनांविरुद्ध भूतानी सैन्याने केलेल्या कारवाईच्या स्मरणार्थ तो 2011 पासून होतो आणि त्यात सैनिकच नर्तक असतात. भारतीय प्रवाशाने तरी हे माहीत करून घेऊनच त्या खिंडीतील 108 चोर्तेनांपुढे, म्हणजे बौद्ध स्तूपांपुढे, उभे राहावे. मोंगर जिल्ह्यातील द्रामेत्से मठात उगम पावलेल्या ढोलनृत्याचा युनेस्कोने 2008 मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. पूर्वेकडचा प्रवास लांबचा आहे, पण वेळ असलेल्यांनी तो जरूर करावा.

एका उत्सवाबाबत मात्र मी सावधच राहीन. बुमथांगमधील जांबे ल्हाखांग या मंदिराच्या द्रुप नावाच्या उत्सवात मध्यरात्री होणाऱ्या तेरछम या विधीत नर्तकांच्या अंगावर मुखवट्याखेरीज जवळपास काहीच नसते. तेथे छायाचित्रणास मनाई आहे, तरी केवळ त्या नग्नतेच्या कुतूहलाने गर्दी होते. स्थानिक लोक तेथे अपत्यप्राप्तीचा आशीर्वाद मागायला येतात. ज्याला दोन हात जोडून उभे राहता येणार नसेल, त्याने ती रात्र हॉटेलात काढलेली चांगली.

वागणुकीचा विषय निघालाच आहे, तर 2019 मध्ये दोचुला येथील एका चोर्तेनवर चढलेल्या भारतीय पर्यटकाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरली आणि भूतानमध्ये त्याबद्दल किती दुःख व्यक्त झाले, याची आठवण द्यावीशी वाटते. उत्सवात एवढे उघड उल्लंघन सहसा घडत नाही. लहान लहान गोष्टी घडतात. नर्तकांच्या मार्गात मोबाइल धरून पुढे सरकणे, पहाटेपासून जागा धरून बसलेल्या वृद्धांच्या समोर उभे राहणे, मंदिराच्या गाभाऱ्यात मनाई असताना छायाचित्र घेणे, अर्ध्या विजारीत किंवा टोपी न काढता झोंगमध्ये शिरणे. त्या दिवशी भूतानी पुरुष उत्तम घो (गुडघ्यापर्यंतचा झगा) आणि खांद्यावर कबने हे उपरणे, स्त्रिया उत्तम किरा (पायघोळ वस्त्र) आणि खांद्यावर राचू हा पट्टा घालून येतात. पुष्कळ घरांतील वर्षभराचे विणकाम त्या एका दिवसासाठी झालेले असते. त्यांच्यामध्ये बसताना आपण पूर्ण बाह्यांचे, स्वच्छ, साधे कपडे घालावेत, एवढी अपेक्षा जास्त नाही. जमिनीवर त्यांच्याच रांगेत बसणाऱ्या पाहुण्याला शेजारचे कुटुंब आपल्या डब्यातला लाल भात आग्रहाने देते, हेही मी पाहिले आहे.

आपल्या पुरवणीला माझी विनंती अशी आहे की, भूतानच्या पर्यटन विभागाकडून दरवर्षी जाहीर होणाऱ्या उत्सवांच्या तारखा, त्यांतील मुख्य नृत्यांच्या कथांसह, हंगामाच्या पुरेशा आधी छापाव्यात. सहल कंपन्यांनी उत्सवाच्या किमान एका पूर्ण दिवशी दुसरे काहीही ठेवू नये, जेवण बरोबर बांधून द्यावे आणि थोंगद्रेलच्या दिवशी हॉटेलातून निघण्याची वेळ पहाटेची असल्याचे माहितीपत्रकात स्पष्ट लिहावे. आणि पैसे भरण्यापूर्वी प्रवाशांनी कंपनीला विचारावे की, रक्षा मंगछम कोणत्या दिवशी आहे आणि आम्ही ते संपेपर्यंत थांबणार आहोत का.

कळावे,

आपला नम्र,
एक नियमित वाचक