कॉर्ड पाठ, तरी चाल अडते

संपादक महोदय,

गिटारवर स्वतःचे गाणे रचू पाहणाऱ्यांचे घोडे बहुधा एकाच जागी अडते. कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचे) तक्ते तोंडपाठ असतात, पण कॉर्ड मुळात तयार कशी होते हे कोणी सांगितलेले नसते. मग चाल सुचली की तिच्याखाली अंदाजपंचे कॉर्ड लावणे आले. कॉर्डची घडण समजायला स्टाफ नोटेशन (रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) घोकायची काही गरज नाही. सा रे ग म येत असेल तर अर्धे काम झालेच आहे.

(बारीक तारेपासून मोजून) तिसरी तार मोकळी छेडा. तो जी, म्हणजे हार्मोनियमची पांढरी पाच. त्याला सा माना. त्याच तारेवर २, ४, ५, ७, ९ आणि ११ या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या घरांवर) रे ते नी हे शुद्ध स्वर मिळतात, १२ व्या फ्रेटवर वरचा सा. आता कोणताही स्वर घ्या, पुढचा सोडून त्यापुढचा घ्या, पुन्हा तसेच करा. सा-ग-प झाली जी, रे-म-ध ए मायनर, ग-प-नी बी मायनर, म-ध-सा सी, प-नी-रे डी, ध-सा-ग ई मायनर. पहिल्या दोन स्वरांत ४ फ्रेटचे अंतर असेल तर मेजर, ३ असेल तर मायनर. (सातवी, नी-रे-म, डिमिनिश्ड निघते, तिला तूर्त बाजूला ठेवलेले बरे.) बी मायनरची बार कॉर्ड (एकाच बोटाने अनेक तारा दाबून धरायची) बोटांना जमत नसेल तर चालीकडे पाहा: तिथे नी असेल तर डी चालेल, ग असेल तर जी किंवा ई मायनर.

समेवर ठरणारा स्वर कॉर्डमध्ये असला पाहिजे. मधले धावते स्वर बाहेरचे असले तरी खटकत नाहीत. एकटा सा घेतला तरी तो जी, सी आणि ई मायनर या तिन्हींत आहे. तोच स्वर लांबवून खालची कॉर्ड बदलली की भाव पालटतो. हे न करता जो स्वर त्याच नावाची कॉर्ड, असे धरून बसल्यामुळेच कित्येक चाली सपाट होतात.

खरी गडबड होते ती कानात मुरलेल्या रागांमुळे. चालीवर यमनची छाया असते, गळा तीव्र म लावतो आणि हात मात्र सवयीने सी धरतो. सीमध्ये शुद्ध म आहे. दोन मध्यम भांडतात आणि दोष ट्यूनिंगला दिला जातो! तिथे ए मेजर हवी: रे, तीव्र म, ध. ए मायनर धरून दुसऱ्या तारेवरचे बोट पहिल्या फ्रेटवरून दुसऱ्यावर न्या, झाली ए मेजर. खमाजसारख्या चालीत कोमल नी आला की असेच डीचे होते. पहिल्या तारेवर दुसऱ्या फ्रेटऐवजी पहिला दाबून डी मायनर करा.

अंतरा संपवून मुखड्यावर येताना मात्र डी सेव्हन (डीच्या प-नी-रेमध्ये म मिळवलेली कॉर्ड) उपयोगी. तिच्यातला नी वरच्या सा-कडे आणि म खालच्या ग-कडे ओढ घेतो, दोघेही अर्ध्या स्वराने (एका फ्रेटने), म्हणून जीवर आल्यावर सुटल्यासारखे वाटते.

पट्टी गळ्याला खाली पडत असेल तर कॉर्डचे आकार तेच ठेवून कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) लावा: पहिल्या फ्रेटवर काळी चार, तिसऱ्यावर काळी पाच. कॅपो पट्टी फक्त चढवतो. जी ही पट्टीच गळ्याला उंच पडत असेल तर डीला सा मानून कॉर्ड पुन्हा काढा आणि कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावा. पांढरी तीन मिळेल.

– एक गिटारशिक्षक