मानेच्या गाठीची सुई तपासणी आणि अपुरा नमुना

मा. संपादक,
स. न.

मानेवर गाठ दिसली की आपल्याकडे बहुधा सर्वप्रथम सुई तपासणी (एफएनएसी), म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी, लिहून दिली जाते. क्षयाची गंडमाळ, थायरॉईडची गाठ किंवा तोंडाच्या कर्करोगामुळे मानेत आलेली गाठ, यांचा उलगडा पुष्कळदा याच तपासणीतून होतो. ती स्वस्त आहे, टाका पडत नाही आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. तरीही 'नमुना अपुरा, तपासणी पुन्हा करावी' असा रिपोर्ट हाती पडणारे रुग्ण कमी नाहीत आणि त्यांतील काही जण दुसऱ्यांदा फिरकतच नाहीत. पॅथॉलॉजी विभागातील नोकरीतून निवृत्त झाल्यावर माझे मत असे झाले आहे की, नमुना अपुरा पडणे आणि रुग्णाने पाठ फिरवणे या दोन्हींच्या मुळाशी बऱ्याचदा पहिल्या खेपेची घाई असते.

थायरॉईडचेच पाहा. ही ग्रंथी गिळताना वरखाली सरकते. खांद्याखाली उशी देऊन मान मागे टाकलेला रुग्ण भेदरलेला असेल, तर नेमक्या वेळी आवंढा गिळतो, मानेचे स्नायू ताठ करतो आणि सुई गाठीऐवजी शेजारी जाते. 'आता टोचणार आहे, काही क्षण गिळू नका, बोलू नका, मग सावकाश श्वास घ्या' एवढे सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही. पण रांग लांब असली की तेच आधी वगळले जाते. सुई २३ ते २५ गेजची, म्हणजे रक्त काढण्याच्या नेहमीच्या सुईएवढी किंवा तिच्याहून बारीक असते, हे आधी दाखवले तरी बहुतेकांचा जीव भांड्यात पडतो. जाड सुईने जास्त माल येतो हा समज थायरॉईडच्या बाबतीत फसवा आहे. या ग्रंथीत रक्तपुरवठा भरपूर असल्याने काचेवर पेशींऐवजी रक्तच पसरते. सिरिंजने न ओढता नुसती बारीक सुई काही सेकंद मागेपुढे फिरवण्याची पद्धत इथे पुष्कळदा अधिक स्वच्छ नमुना देते आणि रुग्णालाही ती सुसह्य होते.

नमुना बिघडण्याची दुसरी जागा सुई बाहेर आल्यानंतरची आहे आणि तिथे रुग्णाचा काडीचाही दोष नसतो. डोक्यावर पंखा गरगरत असतो, थेंब काचेवर पसरला जातो, ज्यात काच लगेच बुडवून पेशी टिकवायच्या, त्या अल्कोहोलची बाटली मात्र पलीकडच्या टेबलावर असते. तेवढ्यात थर सुकतो आणि पेशींची केंद्रके फुगून धूसर होतात. थायरॉईडचा पॅपिलरी कर्करोग मुख्यतः केंद्रकांवरूनच ओळखायचा असल्यामुळे हा बिघाड महागात पडतो. (गिम्सा नावाच्या रंगाने पेशी रंगवायच्या असतील तर काच मुद्दाम हवेत सुकवतात, ती गोष्ट वेगळी.) क्षयाची शंका असेल तर थोडा नमुना सलाइनमध्ये सीबीनॅट (क्षयजंतूंची जनुकीय चाचणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणे) यांसाठी ठेवायला हवा. सगळाच फॉर्मेलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात गेला की जंतू मरतात, कल्चरची वाट बंद होते आणि त्यासाठी पुन्हा टोचणे आले.

थायरॉईडचा रिपोर्ट ज्या बेथेस्डा पद्धतीने देतात, तिच्यात नमुना पुरेसा ठरायला साधारणपणे प्रत्येकी किमान १० पेशींचे ६ स्पष्ट पुंजके लागतात. रुग्ण टेबलावर असतानाच एक काच झटपट रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर आणखी एकदा सुई घालायची की नाही हे तिथल्या तिथे ठरते. खोल, लहान किंवा पाणी भरलेली गाठ हाताच्या अंदाजाने न टोचता सोनोग्राफीत पाहून तिच्या घन भागातून नमुना घ्यावा. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्र नोंदणीच्या जागेबाहेर हवे तिथे नेता येत नाही, हे खरे. मग पॅथॉलॉजिस्टनेच आठवड्यातून ठरलेल्या वेळी काचा आणि अल्कोहोल घेऊन सोनोग्राफी कक्षात जावे. त्यासाठी नवी खरेदी लागत नाही, दोन विभागप्रमुखांचे एकमत लागते.

'सुई लावली की गाठ पसरते' ही भीती गावोगाव आहे. बारीक सुईमुळे कर्करोग पसरण्याचा धोका अत्यंत विरळ आहे आणि त्या धास्तीने निदान लांबणीवर टाकणे कितीतरी अधिक घातक आहे, हे नातेवाइकांना समजावून सांगणे डॉक्टरांचे काम आहे. 'घाबरू नका' म्हणून ते उरकत नाही. रुग्णानेही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे, मात्र त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

सार्वजनिक रुग्णालयांनी केसपेपरसोबत या सूचनांची मराठी चिठ्ठी द्यावी आणि दर महिन्याला किती नमुने अपुरे ठरले, याची नोंद आरोग्य विभागाने मागवावी, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, सातारा