मांजर परदेशी धाडायचे, तर आधी तारखा मोजा

महोदय,

हिवाळ्यात गोव्यात येणाऱ्या युरोपीय पाहुण्यांचा शॅकभोवती घुटमळणाऱ्या एखाद्या मांजरीवर जीव जडतो आणि परतीच्या आठवड्यात ते पशुवैद्याकडे येतात : ‘हिला सोबत न्यायचे आहे.’ त्या आठवड्यात ते शक्यच नसते. रेबीजच्या दृष्टीने समाधानकारक मानलेल्या देशांच्या युरोपीय संघाच्या यादीत भारत नाही, त्यामुळे इथल्या मांजराला नुसती लस टोचून भागत नाही. लस लागू पडल्याचे रक्त तपासून दाखवावे लागते.

सगळी गंमत क्रमात आहे. आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मग रेबीजची लस. दोन्ही एकाच दिवशी चालतात, पण लस आधी आणि चिप नंतर झाली तर ती लस कागदावर धरलीच जात नाही. चिप १५ आकडी आयएसओ मानकाची हवी. बसवण्यापूर्वी आणि बसवल्यावर स्कॅनर फिरवून आकडा लसीकरण पुस्तिकेशी ताडून पाहावा. एक आकडा चुकला तरी मांजर विमानतळावर अडकते. लसीच्या वेळी पिल्लू किमान १२ आठवड्यांचे हवे. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचे, सीरम (रक्तातला पातळ द्रव) वेगळे करून युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचे. यादीबाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही. प्रतिपिंडांची पातळी ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलि किंवा अधिक हवी. त्यानंतर तीन महिन्यांची प्रतीक्षा, आणि ती मोजायची रक्त काढल्याच्या तारखेपासून, अहवाल आल्याच्या नव्हे.

म्हणजे १ जानेवारीला चिप व लस, २ फेब्रुवारीला रक्त, तर २ मेपूर्वी मांजर युरोपात शिरू शकत नाही. (ऐन उकाड्यात! काही विमान कंपन्या तेव्हा कार्गोतून प्राणी घेतच नाहीत. हेही आधी विचारावे.) पिल्लू जवळजवळ सात महिन्यांचे झाल्याशिवाय जात नाही, हे दत्तक घेणाऱ्याला पहिल्याच भेटीत सांगावे. रस्त्यावरच्या मांजराला आयुष्यातली पहिलीच लस मिळालेली असते, त्यामुळे कधी पातळी ०.५ च्या खाली येते. मग पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस, पुन्हा तीन महिने. म्हणून पहिला अहवाल येईपर्यंत तिकीट काढू नये. चाचणी एकदा उत्तीर्ण झाली की वार्षिक लस मुदतीच्या आत देत राहावी. एक दिवसाचा खंड पडला तरी सगळे पहिल्यापासून.

खरा घोटाळा पुढे होतो. पाहुणा मायदेशी परतलेला असतो आणि चार महिन्यांनी मांजर कुणा ओळखीच्या प्रवाशाच्या हाती ‘त्याचेच पाळीव’ म्हणून पाठवले जाते. हे नियमात बसत नाही. मालकाने लेखी अधिकार दिलेला माणूस मांजर नेऊ शकतो, पण मालकाच्या स्वतःच्या प्रवासाच्या आगेमागे पाच दिवसांत. नाहीतर तो पाळीव प्राण्याचा प्रवास राहत नाही, व्यापारी वाहतुकीचे नियम लागतात : नोंदणीकृत ठिकाणाहून रवानगी, निघण्याआधी ४८ तासांत तपासणी, सीमेवरच्या ठरावीक चौकीतून प्रवेश. सीमेवर बनाव उघडा पडला तर मांजर परत पाठवणे किंवा मालकाच्या खर्चाने विलगीकरणात ठेवणे, आणि काहीच जमले नाही तर मारून टाकणे, इथपर्यंत अधिकाऱ्यांना मुभा आहे. मालकासोबत जाणाऱ्या मांजराचे आरोग्य प्रमाणपत्र मात्र प्रवेशाआधी १० दिवसांतले चालते. निर्यातीचे कागद केंद्राच्या पशु संगरोध (क्वारंटाइन) कार्यालयातून होतात. मुंबई आणि बेंगळुरूला ही कार्यालये आहेत. गोव्याहून तो प्रवास धरूनच व्यापारी वाहतुकीतल्या ४८ तासांचे गणित बसवावे.

एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खचवणारा विषाणू) आणि मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूच्या चाचण्या कायद्याने मागितलेल्या नाहीत, तरी कराव्यात. दत्तक घेणाऱ्याच्या घरी दुसरे मांजर असेल तर कराव्यातच. सहा महिन्यांखालच्या पिल्लात आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे एफआयव्ही खोटी पॉझिटिव्ह दिसू शकते. घाबरून पिल्लू नाकारू नये, नंतर पुन्हा तपासावे. पिसवा, जंत, निर्बीजीकरण याच चार महिन्यांत उरकते. पेटीही आताच आणावी आणि रोजचे जेवण तिच्यातच द्यावे. मांजर आत उभे राहून वळू शकले पाहिजे. गुंगीचे औषध देऊ नये. रक्तदाब आणि श्वास मंदावतात आणि वर कुणी पाहणारे नसते.

ब्रिटनलाही रक्तचाचणी व तीन महिने लागू आहेत, शिवाय तिथे विमानाने मांजर कार्गोतूनच उतरते. ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट नेताच येत नाही.

आणि प्रत्येक मांजर पाठवण्याजोगे नसते. माणसाने हात लावताच फिस्कारणारी, मोठी झालेली रानटी मांजर बंद फ्लॅटमध्ये सोफ्याखालीच दिवस काढते. तिचे निर्बीजीकरण करून, कानाचे टोक कापून खूण करावी आणि तिला होती तिथेच सोडावी. पाहुण्याला खरेच मदत करायची असेल, तर त्याने त्या वस्तीतल्या मांजरांच्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलावा.

– एक पशुवैद्यक, म्हापसा (गोवा)