ग्लॅडिएटरची तालीम म्हणजे फॅन्सी ड्रेस नव्हे

महोदय,

सुट्टीत इटलीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी छापून येणाऱ्या लेखांत रोममधल्या ग्लॅडिएटर (प्राचीन रोममध्ये प्रेक्षकांसमोर लढणारे योद्धे) प्रशिक्षणाचा उल्लेख हल्ली हमखास असतो, पण तो दोन ओळींत आटोपतो: मुलांना अंगरखा चढवा, हातात लाकडी तलवार द्या, फोटो काढा. खरे तर दोनेक तासांच्या या वर्गात शिकण्यासारखे बरेच आहे. तयारी न करता गेले की नेमके तेच हातून निसटते, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी निवड. कोलोसियम या प्राचीन रोमन क्रीडागाराबाहेर चिलखत घालून फोटोचे पैसे मागणाऱ्यांचा या वर्गांशी काही संबंध नाही. वर्ग आगाऊ नोंदवावे लागतात. जुन्या आप्पिया रस्त्याच्या बाजूला, शहराच्या प्राचीन तटाजवळही ते चालतात. नोंदणीपूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. एका वस्तादाकडे किती मुले असतात? खांबावरचा सराव आहे का? पाऊस आला तर वर्ग छपराखाली होतो का? खांबाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. खांब नसेल तर तिथे बहुधा नुसतीच वेशभूषा असते.

हा खांब म्हणजे पालुस. साधारण पुरुषभर उंचीचा लाकडी खांब जमिनीत पक्का रोवायचा आणि तोच प्रतिस्पर्धी समजून त्याच्यावर वार करायचे. वेजेटियस या रोमन लेखकाने सैनिकांबरोबर ग्लॅडिएटरांच्या संदर्भातही या खांबाचे वर्णन केले आहे. नवशिक्या सैनिकांना सरावासाठी दुप्पट वजनाची लाकडी तलवार आणि वेताची ढाल देत, म्हणजे खरी शस्त्रे हातात आल्यावर ती हलकी वाटावीत. आपल्याकडच्या फरी-गदक्याची ज्यांना ओळख आहे, त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही.

मुले पहिली चूक ढाल धरण्यात करतात. मोठ्या रोमन ढालीच्या मागे मधोमध एक आडवी मूठ असते. तळवा खाली ठेवून ती वरून पकडायची, म्हणजे मुठीसमोर ढालीचा फुगीर लोखंडी भाग येतो. मुले मात्र पट्ट्यात घालावा तसा कोपरापर्यंतचा हात आत सारू पाहतात. मग ढाल तिरपी होते, खांदा वर चढतो आणि पाच मिनिटांत हात भरून येतो. हात थकला की ढाल खाली लोंबते आणि डोके उघडे पडते. लहान मुलासाठी हलकी, छोटी ढाल मागून घ्यावी; थ्रेक्स प्रकारचा ग्लॅडिएटर छोटीच ढाल वापरत असे, त्यामुळे त्यात कमीपणा काही नाही.

मग पवित्रा. डावा पाय पुढे, गुडघे किंचित वाकलेले, वजन दोन्ही पायांवर. पुढे सरकताना आधी पुढचा पाय, मागे येताना आधी मागचा. एका पायाने दुसऱ्याला ओलांडायचे नाही. जोशात आलेले मूल नेमके इथेच पायात पाय अडकून पडते. म्हणून पहिली दहा मिनिटे तलवार बाजूला ठेवून नुसते सरकायला लावणारा वस्ताद मिळाला, तर मुलांनी कुरकुर केली तरी त्याला करू द्यावे.

वार करताना सगळ्यांचा कल हात फिरवून आडवा घाव घालण्याकडे असतो. रोमन शिकवण नेमकी उलट होती: घाव नको, भोसक. घावाला चिलखत आणि हाडे अडवतात, टोक मात्र दोन बोटे आत गेले तरी प्राणघातक ठरते, असे वेजेटियस सांगतो. शिवाय घाव घालायला हात वर गेला की उजवी कूस उघडी पडते. हे शब्दांत समजावून मुलांना पटत नाही. वस्तादाने खांबासमोर उभे करून मोकळ्या कुशीला काठीचे टोक नुसते टेकवले, की लगेच कळते.

यानंतर जोड्या लागतात. आई किंवा बाबा आणि मूल अशी जोडी असेल, तर मोठ्याने गुडघ्यावर बसावे. उभ्या माणसाची तलवार मुलाच्या नेमकी चेहऱ्यासमोर येते आणि बहुतेक इजा अशाच होतात. वार अंगापासून वीतभर अलीकडे थांबवायचा. शिरस्त्राण फोटोपुरतेच चढवावे: पॉम्पेईत सापडलेली शिरस्त्राणे सुमारे 3 ते 7 किलो वजनाची आहेत, आणि हलक्या प्रतिकृतीतूनही बाजूचे काही दिसत नाही. सेक्युटर प्रकारच्या ग्लॅडिएटरच्या शिरस्त्राणाला डोळ्यांपाशी दोन लहान भोकेच असत, कारण त्याची गाठ जाळे आणि त्रिशूळ घेऊन लढणाऱ्या रेटियारियसशी पडे आणि तो त्रिशूळ आत शिरता कामा नये. शिरस्त्राण बाहेरून गुळगुळीत ठेवत, म्हणजे जाळे अडकत नसे. एवढे सांगितले तरी दहा वर्षांचे मूल प्रत्येक शिरस्त्राण निरखून पाहू लागते.

पायात बांधीव बूट हवेत, सँडल नकोत. जुलै-ऑगस्टमध्ये रोमचे ऊन कडक असते, म्हणून सकाळचाच वर्ग घ्यावा. पाण्याची बाटली रस्त्यावरच्या नळांवर भरून घेता येते. ते पाणी पिण्यायोग्य असते.

दोन गैरसमज मात्र तिथेच पुसले जावेत. ‘मरायला निघालेले आम्ही तुला वंदन करतो’ ही घोषणा ग्लॅडिएटरांची नेहमीची नव्हती. इ. स. 52 मध्ये सम्राट क्लॉडियसने इटलीतल्या फुचिनो तलावावर लुटुपुटुच्या नाविक लढाईचा खेळ ठेवला होता, त्यात उतरवलेल्या कैद्यांच्या तोंडी ती येते. आणि अंगठा खाली म्हणजे मृत्यू, हे चित्र आपल्या मनात पक्के बसले ते मुख्यतः जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या 1872 मधल्या चित्रामुळे. अंगठा नेमका कुठे वळवत, यावर अभ्यासकांत एकमत नाही. वस्तादाने हे आपणहून सांगितले, तर तो जाणकार आहे असे समजावे.

कोलोसियम आधी की वर्ग आधी, असा प्रश्न अनेकांना पडतो. आमचे मत ठाम आहे: वर्ग आधी. दुसऱ्या दिवशी लुडुस माग्नुस पाहावे. कोलोसियमच्या पूर्वेला, व्हिया लाबिकानाच्या कडेला असलेली ही ग्लॅडिएटरांची मोठी शाळा सम्राट डोमिशियनच्या काळात सुरू झाली आणि 1937 मध्ये अवशेषरूपात सापडली. रस्त्यावरूनच वाकून पाहता येते, तिकीट लागत नाही. तिच्या सरावाच्या आखाड्याची गोलाई स्पष्ट दिसते, आणि तिथून कोलोसियमकडे भुयार जात होते. मग कोलोसियममध्ये शिरावे. 18 वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे, पण वेळ आरक्षित करावीच लागते. तिकिटावर नाव असते, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावा. खांबावर घाम गाळून आलेल्या मुलाला 83 बाय 48 मीटरचे ते रिंगण किती प्रचंड आहे, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

मुले एक प्रश्न विचारतातच: ही माणसे खरोखर मरत होती का? टाळू नये. मरत होती. बहुतेक जण गुलाम, युद्धकैदी किंवा शिक्षा झालेले होते. थोडे स्वतःहून करार करूनही येत. लढतीवर लांब काठी घेतलेला पंच असे आणि हरलेल्या अनेकांना जीवदान मिळे, कारण माणूस तयार करायला मालकाचा पैसा लागलेला असे. इ. स. पू. 73 मध्ये इटलीतल्या काप्युआ शहराच्या अशाच एका शाळेतून स्पार्टाकस हा ग्लॅडिएटर आणि त्याचे साथीदार स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि लोखंडी सळया घेऊन निसटले. एका मालकाच्या ग्लॅडिएटरांच्या तुकडीला लॅटिनमध्ये ‘फामिलिया’, म्हणजे कुटुंब, म्हणत. हा शब्द मुलांना सांगावा आणि त्या कुटुंबाचा मालक कोण होता, हेही सांगावे.

आपला,
एक वाचक