'तुरळक' या शब्दाविषयी: मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

महोदय,

गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्या गावात अनेकांच्या फोनवर एक संदेश आला: 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी अतिमुसळधार पावसाची शक्यता.' शेजारच्या मासेविक्रेत्या बाईंनी तो माझ्याकडून वाचून घेतला आणि विचारले, "गुरुजीनू, तुरळक म्हणतत म्हणजे थोडोच पडतलो मां?" तीस वर्षे मराठी शिकवलेल्या मीही 'हो' म्हणालो. त्या रात्री आमच्याच वाडीवर पाऊस कोसळला आणि किनाऱ्यावर वाळत घातलेली त्यांची सगळी सुकी मासळी पाण्यात गेली.

संदेश चुकीचा नव्हता. हवामानाच्या परिभाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या क्षेत्रातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर, आणि 'अतिमुसळधार' म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर. म्हणजे 'तुरळक' हे जागांचे विशेषण आहे, पावसाचे नव्हे. परंतु बोलण्यात आपण तुरळक गर्दी, तुरळक पाऊस असेच म्हणतो, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानात तो शब्द पावसालाच जाऊन चिकटतो आणि पुढच्या 'अतिमुसळधार'ची धार बोथट होते. 'पाऊस सगळीकडे पडणार नाही, पण जिथे पडेल तिथे फार जोराचा पडेल, आणि ती जागा तुमचीही असू शकते' एवढे सरळ लिहिले असते, तर मी त्यांना वेगळे उत्तर दिले असते.

अशा प्रश्नांचा अभ्यास उपयोजित भाषाविज्ञान करते. शब्द शुद्ध की अशुद्ध, यापेक्षा ऐकणाऱ्याला त्यातून नेमके काय समजले आणि त्याने पुढे काय केले, हे ते तपासते. त्याची एक पद्धत अगदी साधी आहे: मजकूर वाचून दाखवायचा, ऐकणाऱ्याला तो स्वतःच्या शब्दांत सांगायला लावायचा, आणि जिथे अर्थ निसटतो तिथे मजकूर बदलायचा, माणसाला दोष द्यायचा नाही. 'खोल समुद्रात जाऊ नये' हे वाक्य असे तपासून पाहावे. लहान होडीवाल्याला दहा वाव (सुमारे साठ फूट) पाणीही खोल वाटते, ट्रॉलरवरच्या खलाशाला तेच किनाऱ्यालगतचे वाटते. पण बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा चढला की दोघांनाही एकच गोष्ट कळते, कारण त्या खुणेचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या वापरून पक्का झाला आहे.

सूचना मालवणीत काढाव्यात, अशी माझी मागणी नाही. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत बोली बदलत जाते आणि छापील मराठी या सगळ्या पट्ट्यात चालते. ती ऐकणाऱ्याच्या अंगाने लिहिलेली असावी, इतकेच. त्यासाठी लागणारे ज्ञान राज्यात आहे. कुडाळ भागातल्या कुडाळी बोलीचे सर्वेक्षण भाषावैज्ञानिक अ. मा. घाटगे यांनी १९६०च्या दशकातच केले होते, आणि अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले. हे काम अभ्यासकांपुरते राहू नये, असे मला मनापासून वाटते. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ सोसलेल्या या किनाऱ्यावर इशाऱ्यातला एकेक शब्द माणसाच्या जिवाशी बांधलेला असतो.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा मला आनंद आहे. त्याच आनंदात ही विनंती करतो, की आपल्या विभागाने हवामान, मत्स्यव्यवसाय आणि आपत्ती व्यवस्थापन यंत्रणांना सोबत घेऊन नेहमी वापरल्या जाणाऱ्या इशाऱ्यांचे मजकूर एकदा बंदरांवर वाचून दाखवावेत, त्या वेळी एक भाषावैज्ञानिक हजर असावा, आणि मासेविक्रेत्या स्त्रियांना वगळू नये. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि तांडेल (होडीचे प्रमुख), खलाशी गावातच जाळी विणत बसलेले असतात. त्या दिवसांत आपली माणसे आली, तर त्यांना वेळ देणारे पुष्कळ भेटतील.

आपला विश्वासू,
देवगड तालुक्यातील एक निवृत्त मराठी शिक्षक