तीनचाकी निवडायची तर आधी मागे बसून पाहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गुडघे कुरकुरू लागले की सिग्नलला पाय टेकून गाडी आणि मागचे माणूस दोन्ही तोलणे जड जाते. मग तीन चाकांचा विचार सुरू होतो. मात्र गाडी पाहायला जाणारा पुढच्या सीटवर बसून हँडल फिरवतो आणि पसंती देतो. मागे बसणाऱ्या बायकोला किंवा आईला कोणी विचारत नाही. हादरे तर तिलाच बसायचे असतात.

दुचाकीचा रस्त्यावर एकच माग पडतो, त्यामुळे खड्डा चुकवता येतो. तीनचाकीचे माग तीन. पुढच्या चाकाने चुकवलेला खड्डा मागच्या एका चाकाला हमखास सापडतो. एक बाजू खाली गेली की अख्खी गाडी कलंडल्यासारखी होते, आणि सीट जितकी उंच तितका मागच्या माणसाच्या मानेला झोका मोठा. गोव्यात पावसाळ्यानंतर डांबराच्या कडा तुटलेल्या असतात, तिथे हे दर शंभर पावलांवर घडते.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतात त्या साइड व्हील लावलेल्या स्कूटर. खरे तर ती चार चाके झाली, कारण मूळ मागचे चाक तसेच राहते आणि गाडीला ढकलण्याचे काम तेच करते. गोम इथेच आहे. दोन्ही जोडचाके उंचवट्यावर आणि मधले चाक खोलगट जागी आले की ते अधांतरी फिरत राहते. दिवाडी बेटाच्या फेरीबोटीवर रॅम्प आणि फळी जिथे जुळतात तिथे गाडी तिरकी चढवून पाहा: इंजिन ओरडते, गाडी हलत नाही, मागचा माणूस उतरून ढकलतो. म्हणून जोडचाकांना स्वतःचे शॉकअप आहेत का, हे आधी पाहावे. सरळ लोखंडी पट्टीला चाके ठोकलेले किट स्वस्त पडते, पण नको. ब्रॅकेटचे वेल्डिंग चेसिसच्या नळीवर थेट केलेले नसावे. नळी तिथेच तडकते. पट्टे आवळून बोल्टने धरलेले ब्रॅकेट बरे. पहिल्या 100 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. बहुतेक किटमध्ये या चाकांना ब्रेक नसतो, आणि पावसात बेअरिंगमध्ये पाणी शिरले की ती आधी कुरकुरतात, मग डुगडुगतात.

साइड कार, म्हणजे मोटारसायकलच्या कडेला जोडलेली एका चाकाची बैठक, हा प्रकार वेगळाच, आणि बसणाऱ्याला सर्वांत आरामाचा: पाय पसरता येतात, पाठीला टेका मिळतो. आपण डावीकडून चालतो, तेव्हा साइड कारही डावीकडेच हवी. बाहेरून आणलेल्या काही गाड्यांना ती उजवीकडे असते. म्हणजे बसणारा थेट समोरून येणाऱ्या बसच्या बाजूला. डावीकडची साइड कार अ‍ॅक्सिलरेटर पिळला की गाडीला डावीकडे ओढते, ब्रेक मारला की गाडी उजवीकडे वळू पाहते. डाव्या वळणावर रिकाम्या साइड कारचे चाक सरळ वर उचलले जाते. एकटे जाताना तिच्यात 20-25 किलोची वाळूची पिशवी ठेवावी.

तिची जुळणी करताना साइड कारचे चाक पुढच्या टोकाला 12 ते 20 मिलिमीटर आत वळलेले आणि मोटारसायकल उजवीकडे साधारण एक अंश झुकलेली ठेवतात. गॅरेजवाले हे रिकाम्या गाडीवर करतात. माणूस बसला की साइड कारची स्प्रिंग दबते, गाडी डावीकडे झुकते आणि चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात. जुळणी दोघांना बसवूनच करून घ्यावी.

कारखान्यातून तीनचाकीच म्हणून निघणाऱ्या गाड्यांत मागे दोन चाके असतील तर डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) आहे का, हे विचारावे. नसेल तर वळणावर गाडी सरळच रेटत राहते. पुढे दोन चाके असलेली गाडी वळणात ब्रेक मारला तरी सहसा कलंडत नाही, आणि पियाजियोच्या एमपी3सारखी वळणात कलणारी असेल तर मागच्या माणसाला दुचाकीसारखेच वाटते. पण सुटे भाग मिळणार कुठून, याचे उत्तर आधी मिळवा.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये मोटारसायकलच्या व्याख्येतच सुटी करता येणारी साइड कार धरलेली आहे. तरीही कलम 52 नुसार आरसी बुकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. आधी आरटीओत विचारावे, मग गॅरेजमध्ये जावे. अपंग व्यक्तीसाठी बदललेल्या वाहनाला कायद्यात वेगळी जागा आहे, पण ते वाहन केवळ त्या व्यक्तीसाठी वापरायचे असते. धडधाकट माणसाने सोय म्हणून लावलेली जोडचाके त्यात बसत नाहीत. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिल्यांदा हेच काढते.

चाचणी फोंड्याच्या हमरस्त्यावर नको. वाड्यावरच्या अरुंद वाटेवर, दोन स्पीडब्रेकर आणि एक चढ घेऊन, दोघांनी मिळून 20 मिनिटे फिरावे. मग मागच्याने सांगावे: गुडघे काटकोनात राहिले का, की पोटाशी आले, टाच फूटरेस्टवर टेकली का, की लटकली, पकडायला कडी हाताशी होती का, की पुढच्याचा शर्टच धरावा लागला. साडी नेसणाऱ्या बाईने साडीतच बसून पाहावे. जोडचाकाला मडगार्ड नसेल तर पदर तिकडेच जातो.

आपला,
एक वाचक, फोंडा